जोडलेली नोट जपणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

निघताना घाईत मानलेल्या आभारांनी मन भरले नाही, म्हणून हे जाहीर पत्र लिहीत आहे.

आजोबांच्या कागदपत्रांत सापडलेली मुंबई सर्कलची, म्हणजे ब्रिटिश काळातल्या मुंबई चलन विभागाची, दहा रुपयांची ती एकाच बाजूने छापलेली नोट आपल्याकडे येण्यापूर्वी दोन जाणकार म्हणवणाऱ्यांच्या हातांतून गेली होती. एकाने ती मधोमध जोडलेली पाहून ‘फाटका माल’ म्हणून बाजूला सारली आणि मागची पट्टी सोडवून, नोट धुऊन, इस्त्री करून आणल्यास पाहू, असे सांगितले. दुसऱ्याने ती पीव्हीसीच्या स्वस्त पाकिटात कोंबली. असे प्लॅस्टिक कालांतराने चिकट होते आणि कागद नासवते, एवढेही या धंद्यात मुरलेल्या माणसाला ठाऊक नसावे, याचा मला अजून संताप येतो.

आपण नोट उजेडासमोर धरून जलचिन्ह दाखवलेत आणि दोन्ही अर्धुकांवरचे क्रमांक माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतलेत. ते तंतोतंत जुळले. टपालात नोट गहाळ होण्याच्या धास्तीने लोक ती कापून एक अर्धुक आधी पाठवत आणि ते पोहोचल्याचे कळल्यावरच दुसरे, हे आपण सांगितलेत, तेव्हा ज्या जोडाची मला लाज वाटू लागली होती, तोच त्या नोटेचा सर्वांत बोलका भाग ठरला. दहाची नोट १९१० पर्यंत ती ज्या सर्कलची असे त्याच्याबाहेर कायदेशीर चलन नव्हती, हेही त्याच ओघात समजले.

तरीही माझ्या मनात घर करून राहिली ती आपली एक कृती. आपल्याकडे कागदाला अपाय न करणाऱ्या पॉलिस्टर प्लॅस्टिकचे कोरे पाकीट शिल्लक नव्हते. आपण एक शब्दही न बोलता आपला अल्बम उघडलात, पाचव्या जॉर्जचे चित्र असलेली १९२३ च्या मालिकेतली आपली दहाची नोट अलगद बाहेर काढून कोऱ्या कागदाच्या घडीत ठेवलीत आणि तिचे पाकीट माझ्या नोटेला दिलेत. मी नको म्हणालो, तेव्हा ‘माझी थांबेल, हिला आधीच उशीर झालाय,’ एवढेच आपण म्हणालात. विकत घेण्याचा विषय आपण काढला नाहीत, किंमत मी विचारली तेव्हाच सांगितलीत आणि तीही हातचे न राखता. नवख्या माणसाच्या अज्ञानावर आपला संग्रह न वाढवणारी माणसे या छंदात आहेत, म्हणूनच घरोघरच्या ट्रंकांतले असे कागद अजून उजेडात येतात, असे मला मनापासून वाटते.

या पत्रासोबत पॉलिस्टरची नवी पाकिटे पाठवत आहे. सहाव्या जॉर्जच्या चित्राच्या आणि चिंतामणराव देशमुखांच्या सहीच्या दोन रुपयांच्या काही नोटाही घरात आहेत. त्या मी अजून कोणालाच दाखवलेल्या नाहीत. आपल्याला सवड असेल तेव्हा कळवावे, घेऊन येईन.

आपला ऋणी,
एक नवखा संग्राहक