बॅकला खेळणाऱ्यांवर पण लिहा की

संपादक साहेब,

तुमच्या क्रीडा पानावर फुटबॉल आला की गोल मारणाऱ्यांचेच फोटो, बॅकवाल्यांना (मागे राहून गोल अडवणाऱ्यांना) कोण विचारतंय! जर्मनीचा बेर्टी फोग्ट्स घ्या. 1974 च्या वर्ल्डकप फायनलला हॉलंडच्या क्रायफला मार्क करायचं (सतत चिकटून राहायचं) काम याच्याकडे, सुरुवातीलाच हॉलंडला पेनल्टी मिळाली (क्रायफला पाडलं याच्याच टीमच्या हॉनेसने, याने नाही हां), मग लगेच याला यलो कार्ड, तरी गडी शेवटपर्यंत चिकटून राहिला आणि पश्चिम जर्मनी 2-1 ने जिंकली. बुंडेसलिगाच्या (जर्मनीची टॉप लीग) 419 मॅच, सगळ्या एकट्या ग्लाडबाख क्लबकडून. 1990 ला बेकनबाउअरनंतर नॅशनल टीमचा कोच झाला, 1996 ला युरो कप जिंकून दिला, पण 98 च्या वर्ल्डकपला क्रोएशियाने 3-0 ने हरवलं आणि लोकांनी धुऊन काढला, मला तर ते जरा जास्तच वाटतं. पुढे स्कॉटलंड, नायजेरिया, अझरबैजान असा कोच म्हणून फिरला.

आमच्याकडे मालवणात पावसात चिखलात मॅच रंगतात तिथे पण बॅकला कोणाला राहायचं नसतं, सगळे पुढे पळतात आणि मागे गोलकीपर एकटाच बोंबलतो. रविवारच्या पुरवणीत अशा खेळाडूंसाठी अर्धं पान द्या, पोरं वाचतील.

– एक वाचक, मालवण