आई, बाबा, नुसतं चालून भागणार नाही

प्रिय आई, बाबा,

रविवारी घरी आले की मुलांचा दंगा आणि जेवणं यातच दिवस जातो, फोनवर विषय काढला की आई लगेच "बरं बरं, तू जेवलीस का" म्हणते, म्हणून आज सगळं लिहूनच काढतेय.

बाबा, तुम्ही रोज सकाळी तळजाई टेकडीवर चालायला जाता याचं मला खूप कौतुक आहे. आठवड्याला निदान १५० मिनिटं भरभर चाला असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, तेवढं तुमचं आरामात होतं. पण तीच संघटना ६५ च्या पुढच्या लोकांना अजून एक गोष्ट सांगते, की आठवड्यातून निदान ३ दिवस तोल सांभाळायचे आणि ताकदीचे व्यायाम करा. हे आपल्याकडे कुणी बोलतच नाही, जो तो म्हणतो चाला. चालल्याने हृदय, बीपी, शुगर सगळ्याला फायदा आहेच, पण स्नायू टिकवायला तेवढं पुरत नाही. तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात आणि साठीनंतर तर अजून भराभर, मग खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात, जिन्यात कठडा लागतो, आणि आपण म्हणतो वय झालं. आई, देव्हाऱ्यासमोरून उठताना तू हल्ली भिंतीला हात लावतेस ते मला दिसतं गं. मला काळजी सुरकुत्यांची नाहीये, पडण्याची आहे. खुब्याचं हाड मोडलं की माणूस अंथरुणाला खिळतो आणि पडून राहिलं की उरलीसुरली ताकदही जाते.

पण हे परत मिळवता येतं, आणि मला तुम्हाला हेच सांगायचंय. १९९० साली बॉस्टनमधे नव्वदीच्या घरातल्या लोकांकडून ८ आठवडे पायाने वजन उचलायचा व्यायाम करून घेतला होता, आणि त्यांच्या पायातली ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत! तुम्ही तर अजून सत्तरीत आहात.

सुरुवात घरातच करा. जेवणाच्या टेबलाची खुर्ची भिंतीला टेकवायची, हात छातीशी धरून उठायचं, बसायचं, दहा वेळा, दम लागला तर थांबायचं. ओट्याला धरून टाचा वर उचलायच्या, चहा उकळेपर्यंत होतं ते. मग ओट्याला बोट टेकवून एका पायावर उभं राहायचं, दोघांपैकी एकाने शेजारी थांबायचं. आणि आईला क्लासच हवा असेल तर मॉडेल कॉलनीत अय्यंगारांची योग संस्था आहे, १९७५ पासूनची. खुर्ची, दोर, विटा यांचा आधार घेऊन आसनं करायची त्यांची पद्धत आहे, त्यामुळे गुडघे कुरकुरणाऱ्यांनाही जमतं.

आता खाण्याचं, आणि हे आई तुझ्यासाठी. सगळ्यांना वाढून झालं की उरलेला भात आणि वाटीच्या तळाचं वरण हे तुझं जेवण असतं. या वयात वजनाच्या दर किलोमागे साधारण १ ते १.२ ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे तुला रोज साठ-सत्तर ग्रॅम. वाटीभर पातळ वरणात पाच-सहा ग्रॅमच मिळतं आणि उपासाच्या साबुदाण्यात तर जवळजवळ काहीच नाही, खिचडीत असतं ते सगळं दाण्याच्या कुटाचं. मग मटकीची उसळ, पिठलं, पनीर, दही, दूध, मूठभर दाणे असं प्रत्येक जेवणात काहीतरी पाहिजेच, एकदम रात्री नको. बाबांना अंडी चालतात, त्यांनी खावीत. फक्त आधी दोघांचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, डॉक्टरांना दाखवू, किडनीला त्रास असेल तर प्रोटीनचा हिशोब वेगळा असतो. तेव्हाच बी ट्वेल्व आणि व्हिटॅमिन डी पण करून घेऊ, बाबांची शुगरची गोळी, मेटफॉर्मिन, बरीच वर्षं चालू आहे आणि त्याने बी ट्वेल्व कमी होऊ शकतं.

अजून एक, बाबा रागावू नका. टीव्हीचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत जातो. कान तपासून घ्या ना प्लीज. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या अहवालात डिमेन्शियाची, म्हणजे म्हातारपणी स्मृती जाण्याच्या आजाराची, टाळता येण्यासारखी १४ कारणं दिलीत, त्यात कमी ऐकू येणं आहे. ऐकू आलं नाही की माणूस बोलणंच कमी करतो, कट्ट्यावर जाणं सोडतो, आणि मला तुम्ही कट्ट्यावर वाद घालताना हवे आहात.

शनिवारी मी बाथरूममधे दांडा बसवायला माणूस घेऊन येतेय, एक कमोडपाशी, एक नळापाशी. आई, बाहेरचं ते सरकणारं पायपुसणं तेवढं आजच काढून टाक.

तुमची,
मनू