आमच्या लेफ्टनंट साहेबांना, वेंगुर्ल्याहून

साहेब,

सप्रेम नमस्कार. तुमचं नाव मुद्दामच लिहीत नाही. बाबा तुम्हाला कायम ‘आमचे लेफ्टनंट साहेब’ म्हणायचे. आता तुम्ही कोण जाणे कुठल्या हुद्द्यावर असाल, पण आमच्या घरात तुमची बढती कधी झालीच नाही.

गेल्या महिन्यात बाबा गेले. बाराव्याला त्यांच्या फौजेतल्या कंपनीतले साताऱ्याचे एक काका आले होते. त्यांनी सांगितलं तेव्हा १९९९ च्या जुलैमधली, कारगिलच्या लढाईतली ती हकिगत आम्हाला पहिल्यांदा धड कळली. बाबा विचारल्यावर एवढंच म्हणायचे, “साहेबांनी भायर काढल्यानी.” बाहेर म्हणजे कुठून, ते आता कळलं.

शत्रूने माघार घेताना वाटेत सुरुंग पेरून ठेवलेले. बाबांचा पाय त्यातल्याच एकावर पडला. वरून तोफगोळे येत होते, आणि आजूबाजूला अजून किती सुरुंग आहेत कुणाला ठाऊक नव्हतं. तुम्ही मागच्यांना थांबवलंत आणि स्वतः पोटावर सरपटत निघालात. संगीन तिरकी खुपसायची, काही लागलं तर हाताने माती उकरायची, मग वीतभर पुढे. काका म्हणाले, साहेब तेव्हा मिसरूड फुटल्यासारखे दिसायचे.

पण माझं मन अडकलं ते पुढच्या गोष्टीत. बाबांची शुद्ध हरपत होती. तुम्ही त्यांच्या मांडीला पट्टा आवळलात आणि विचारलंत, “तुमच्याकडे मच्छी कशी करतात?” तुम्ही हरियाणाचे, शुद्ध शाकाहारी! बाबांनी मोडक्या हिंदीत बांगड्याचं तिखलं सांगायला घेतलं. ते गप्प झाले की तुम्ही खोदून विचारायचात: तिरफळं किती? आधी की नंतर? बिया का काढायच्या? स्ट्रेचर येईपर्यंत तुम्ही अख्खं कालवण त्यांच्याकडून दोनदा करून घेतलंत. स्वयंपाकघरात कधी पाऊल न टाकलेला माणूस तो. आई हे ऐकून आधी हसली आणि मग जी रडायला लागली, ती आवरेना.

बाबांचे दैवत होते कारवारचे राम राघोबा राणे. तेही तुमच्यासारखेच सॅपर, म्हणजे सुरुंग काढून सैन्याला वाट करून देणारे; तेव्हा सेकंड लेफ्टनंट होते. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर जखमी मांडीनिशी रणगाड्याखाली सरपटत, दोरीने चालकाला खुणा करत त्यांनी वाट मोकळी केली. जिवंतपणी परमवीर चक्र मिळालेले ते पहिले. कारवारच्या किनाऱ्यावर त्यांचा पुतळा आहे. बाबा जयपूर फूटचा कृत्रिम पाय लावून तिथे कडक सॅल्यूट ठोकायचे आणि म्हणायचे, “आमचे साहेब ह्येंच्याच जातकुळीचे.” आम्हाला वाटायचं, म्हातारा कौतुकाने जरा वाढवून सांगतो.

इकडची गंमतही ऐका. बाबा परत आले तेव्हा पुढाऱ्यांनी शाल-श्रीफळ दिलं, पायाकडे बोट दाखवत फोटो काढले आणि घरापर्यंत रस्ता करून देतो म्हणून भाषण ठोकलं. घरापर्यंतची घाटी, म्हणजे चढ-उताराची पायवाट, अजून तशीच आहे. पावसात शेवाळावरून बाबा बसून बसून उतरायचे. एका कचेरीत तर साहेब म्हणवणाऱ्याने त्यांना दाराशी उभं ठेवून “पाय खरंच गेलाय का?” असं विचारलं. बाबांनी तिथेच पाय काढून त्याच्या टेबलावर ठेवला. काम त्या दिवशी झालं, पण घरी आल्यावर ते जेवले नाहीत.

म्हणून सांगते साहेब, तुमच्या शौर्याला पदक मिळालं की नाही हे मी काकांना विचारलंच नाही. मरणाच्या दारात पडलेल्या शिपायाला त्याच्या घरच्या कालवणाबद्दल विचारावं, हे कुठल्या अकादमीत शिकवत असतील असं मला वाटत नाही. ते आईबापांनीच शिकवलेलं असणार. त्यांनाही माझा नमस्कार सांगा.

आई विचारते, आता तरी मासे खाता का? नसाल खात तर काळ्या वाटाण्यांची आमटी करते म्हणते. पाऊस सरल्यावर या, तेवढी घाटी जपून चढा.

तुमची,
एका सॅपरची मुलगी