जपानी अक्षरांसाठी ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी वापरा, पण लिहायला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या राजारामपुरीत जपानी शिकणारी पोरं आता दिसायला लागलीत, कुणाला तिकडं नोकरीला जायचंय, कुणाला ॲनिमेची आवड. माझी भाची त्यातलीच. बोलणं पटकन जमतं, लिपीपाशी गाडी अडते. हिरागाना नि काताकाना या उच्चारांच्या दोन लिप्या तशा सोप्या, मूळ अक्षरं ४६-४६ आणि क्रमही आपल्या वर्णमालेच्या वळणाचा, अ इ उ ए ओ, मग का की कु. पण कांजी, म्हणजे चिनी लिपीतनं आलेली अर्थाची अक्षरं, म्हटलं की रोजच्या वापराच्या सरकारी यादीतच २१३६!

इथं मोबाइलवरचं, कॅमेऱ्यात दिसणाऱ्या खऱ्या वस्तूवर चित्र चढवून दाखवणारं, ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी खरंच कामाला येतं. काताकानातलं 'शि' आणि 'त्सु' बघा, दोन्हीत दोन बारक्या रेघा आणि एक लांब, छापील पुस्तकात जुळी भावंडंच. 'शि'ची लांब रेघ खालनं वर जाते, 'त्सु'ची वरनं खाली, आणि पेन कुठनं निघालं हे छापलेल्या अक्षरात नवख्याला कळत नाही. कॅमेरा वहीवर धरला की तीच रेघ कागदावर सरकताना दिसते आणि त्यावरनं पेन्सिल फिरवता येते. कांजीतही तसंच, 'उजवा' लिहिताना आधी तिरकी रेघ आणि 'डावा' लिहिताना आधी आडवी, दिसायला वरचा भाग सारखाच.

पण बरीच पोरं कॅमेरा फक्त पाटीवरचं भाषांतर बघायला वापरतात, त्यानं अर्थ कळतो, अक्षर डोक्यात बसत नाही. क्लासमध्येही सांगतात की जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेत हातानं लिहायचं नसतं, सगळे पर्यायी प्रश्न, मग कशाला घोटत बसायचं. मला हे अजिबात पटत नाही. हातानं लिहिल्याशिवाय एकसारखी दिसणारी कांजी वेगळी ओळखू येत नाहीत, निदान भाचीच्या बाबतीत तरी मी हेच बघतोय.

फोन हातात धरून लिहिता येत नाही, स्टँड लागतोच, उजेडही चांगला पाहिजे. आणि कोऱ्या कागदावर कॅमेऱ्याला पकडायला काही नसतं म्हणून अक्षर हलत राहतं, कोपऱ्यात एखादं छापील चित्र ठेवलं की जागेवर बसतं.

एवढी सोय महापालिकेच्या अभ्यासिकेत एका टेबलावर सहज होईल, एक टॅब, स्टँड, दिवा. आणि इथल्या इंजिनिअरिंगच्या पोरांनी शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला मराठीतनं सूचना देणारं, रेघ चुकली की तिथंच थांबवणारं ॲप करायला घ्यावं, कॉलेजांनी तसा विषय द्यावा ही विनंती.

आपला,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर