भाडेकरूच्या पश्चात

प्रिय शेखर यास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. तुझे भाडेकरू गेल्याचे वाचून वाईट वाटले. त्यांचा पुतण्या घराची चावी मागतो आहे, ती द्यावी का, असे तू विचारले आहेस. माझे उत्तर आहे, इतक्यात देऊ नकोस. त्याच्या हेतूविषयी मला शंका नाही. परंतु केवळ पुतण्या असल्याने कोणी वारस ठरत नाही. हयातीत त्यांनी त्याला मुखत्यारपत्र करून दिले असले, तरी सर्वसाधारणपणे त्याचा अधिकार मृत्यूबरोबरच संपतो. मृत्युपत्र असेल तर त्यात नेमलेली व्यक्ती आणि नसेल तर कायद्याने ठरणारे वारस, एवढ्यांनाच त्या सामानाविषयी बोलण्याचा हक्क आहे.

तो हक्क तुलाही नाही, हे मात्र स्पष्टच लिहितो. घर तुझे असले तरी कपाटे, भांडी, कागद यांतले काहीही तुझे नाही. शिवाय भाडेकरूच्या मृत्यूने भाडेकरार आपोआप संपतो असेही सगळीकडे नसते. पुष्कळ ठिकाणी तो वारसांकडे जातो आणि रीतसर सूचना देऊनच संपवावा लागतो. म्हणून घर लवकर रिकामे करून नवा भाडेकरू आणण्याचा विचार तूर्त बाजूला ठेव.

मृत्यू घरातच आणि कोणी जवळ नसताना झाला असेल, तर पोलिसांनी मोकळीक देईपर्यंत आत काही हलवू नये. त्यानंतर पुतण्याला आणि दोन त्रयस्थांना सोबत घेऊन एकदाच आत जा. गॅस आणि पाण्याची तोटी बंद कर, नासणारे अन्न टाकून दे, वीजमीटरवरील आकडा टिपून घे. मग प्रत्येक खोलीची छायाचित्रे काढून सामानाची यादी करा आणि तिच्यावर सर्वांच्या सह्या घ्या. रोकड, दागिने, बँकेची कागदपत्रे आणि मृत्युपत्रासारखे काही सापडल्यास त्याची वेगळी नोंद करून ते मोहोरबंद ठेवा. भांडणे बहुधा मोठ्या वस्तूंवरून होत नाहीत. एखादे घड्याळ किंवा फोटोंची पेटी ‘कोणी नेली’ यावरून ती वर्षानुवर्षे चालतात, आणि तेव्हा घरमालकाच्या हाती ही यादीच असते. त्यांचा मोबाइल क्रमांक घाईने बंद करू नका, असे पुतण्यालाही सांग, कारण बँकेचे संदेश त्यावरच येत असतील.

भाड्याचे म्हणशील, तर निधनाची खबर मिळताच बँक सहसा खाते गोठवते, त्यामुळे दरमहा आपोआप येणारी रक्कम थांबेल. ती थकबाकी म्हणून लिहून ठेव. तगाद्याची भाषा नको. अनामत रकमेतून थकलेले भाडे आणि खरेखुरे नुकसान वजा करता येईल, पण वापराने फिकटलेला रंग हे नुकसान नव्हे. उरलेली रक्कम पुतण्याच्या हाती न देता, अधिकार सिद्ध करणाऱ्या वारसालाच लेखी हिशेबासह दे. वारस अनेक असतील तर सर्वांची संमती लेखी घे. घराचा विमा असेल तर विमा कंपनीलाही कळव. घर बराच काळ रिकामे राहिल्यास काही विम्यांचे संरक्षण कमी होते.

भाडेकराराची प्रत मला पाठव. सूचनेच्या मुदतीचे कलम वाचून, तू पुतण्याला भेटण्यापूर्वी माझे मत कळवतो. नंतर ते कागद तुमच्याकडील वकिलाला एकदा दाखवच.

तुझा,
अनंत