भूखंडावरचा फलक आणि हरकतींची मुदत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नवी मुंबईतील मोकळे भूखंड, मैदाने आणि आरक्षणे, म्हणजे सार्वजनिक सोयींसाठी राखून ठेवलेल्या जागा, यांविषयी आपल्या दैनिकात बातम्या येतात आणि त्यांवर वाचकांची पत्रेही येतात. लोकांना कोणी विचारतच नाही, असा त्यांतील बहुतेक पत्रांचा सूर असतो. माझी तक्रार थोडी निराळी आहे. लोकांना विचारले जाते, कारण कायद्यानेच ते विचारावे लागते. मात्र ते अशा वेळी आणि अशा भाषेत विचारले जाते की सांगणाऱ्याला सांगण्याजोगे फारसे उरत नाही आणि सांगितलेच, तर त्याचे पुढे काय झाले हे त्याला कधी कळत नाही. आरेखक म्हणून नोकरीची सगळी वर्षे मी नकाशे काढण्यात घालवली आणि निवृत्तीनंतर कोपरखैरण्यात राहतो, त्यामुळे हा विषय मला कागदावरूनही दिसतो आणि संध्याकाळी मैदानाच्या कट्ट्यावर बसल्यावरही दिसतो.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 मधील कलम 26 प्रमाणे विकास योजनेचे, म्हणजे शहरातील कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या आराखड्याचे, प्रारूप प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवाव्या लागतात, कलम 28 प्रमाणे नियोजन समितीपुढे त्यांची सुनावणी होते आणि योजना मंजूर झाल्यावर तीत किरकोळ बदल करायचा झाला, तरी कलम 37 खाली पुन्हा नोटीस काढून लोकांचे म्हणणे ऐकावे लागते. कागदावर ही व्यवस्था चांगली आहे. पण तिच्यातला क्रम पाहा: आधी रेषा, मग रंग, मग छपाई आणि शेवटी नागरिक. ज्याने कधी नकाशा काढला आहे त्याला हे ठाऊक असते की एकदा शाई वाळली की दुरुस्ती करणे कोणालाच आवडत नाही. काढणाऱ्यालाही नाही आणि त्यावर सही करणाऱ्यालाही नाही.

नवी मुंबईच्या बाबतीत या क्रमाला आणखी एक पदर आहे. 1970 मध्ये हे शहर वसवण्यासाठी सिडको या राज्य शासनाच्या महामंडळाची स्थापना झाली आणि सुमारे 344 चौरस किलोमीटर क्षेत्रातील 95 गावांच्या जमिनीवर हे शहर नोड (म्हणजे उपनगर), सेक्टर, भूखंड अशा उतरंडीने आखले गेले. महापालिकेचा कारभार 1 जानेवारी 1992 रोजी सुरू झाला. तिच्या स्वतःच्या पहिल्या विकास योजनेचे प्रारूप मात्र ऑगस्ट 2022 मध्ये हरकतींसाठी लोकांपुढे आले, म्हणजे महापालिका जन्माला आल्यावर तीस वर्षांनी. त्या वेळी सभागृह अस्तित्वात नव्हते. मे 2020 मध्ये मुदत संपल्यापासून प्रशासकांची राजवट होती. शहराला पहिल्यांदाच स्वतःच्या आराखड्यावर बोलण्याची संधी मिळाली आणि नेमक्या त्याच वेळी ज्याच्या दारात जाऊन ‘हे आमच्या गल्लीत काय चाललंय?’ असे विचारावे, तो नगरसेवकच नव्हता. हा केवळ योगायोग असेल, पण महागात पडणारा योगायोग आहे.

आता अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका मोकळ्या भूखंडाचा वापर बदलण्याची नोटीस निघाली होती. कार्यालयाचे नाव लिहीत नाही, कारण माझा रोख कोणा एका कार्यालयावर नाही. नोटीस वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, हरवलेल्या शेअर प्रमाणपत्रांच्या आणि वारसदारांच्या जाहिरातींच्या शेजारी छापलेली होती. तीत सेक्टर क्रमांक, भूखंड क्रमांक आणि चौरस मीटरमधले क्षेत्रफळ होते. आमच्याकडे त्या जागेला कोणीही क्रमांकाने ओळखत नाही; ती ‘टाकीमागचं मैदान’ म्हणून ओळखली जाते. मोजणीवाल्यांनी चुन्याच्या रेघा मारून खुंट ठोकले, तेव्हा मुलांनी खेळ थांबवून विचारले आणि आम्हाला कळले. मुदत संपायला चार दिवस उरले होते. दोन सोसायट्यांच्या सह्या गोळा करून आम्ही हरकत नोंदवली. सुनावणीला सकाळी अकराची वेळ दिली होती आणि आमचा क्रमांक दुपारी साडेतीनला लागला. बोलायला दोन-तीन मिनिटे मिळाली. अधिकारी सौजन्याने वागले, हेही लिहिले पाहिजे. त्यानंतर सगळे शांत. माहितीच्या अधिकारात अर्ज केल्यावर दप्तर पाहायला मिळाले, त्यात आमच्या चार पानी हरकतीसमोर एकच ओळ होती: मान्य करण्यास वाव नाही. वाव का नाही, कोणत्या निकषावर नाही, पर्यायी जागा पाहिली होती का, यातले काहीही तिथे लिहिलेले नव्हते. हरकत फेटाळली गेली याचे मला फारसे वाईट वाटले नाही, कारण सगळ्यांचेच म्हणणे मान्य होऊ शकत नाही. पण ज्याला नकार द्यायचा त्याला कारणही द्यावे, एवढा साधा शिष्टाचार आपण घरात पाळतो.

लोकमत म्हणजे एकसुरी भजन नव्हे, हे मला मान्य आहे. आमच्याच भागात त्या मैदानाविषयी निदान चार मते होती. लहान भूखंडांवरच्या घरांवर मजले चढले, एका घरात तीन-तीन भाडेकरू आले, गल्लीच्या दोन्ही बाजूंना दुचाक्या आणि मोटारी लागल्या. त्यामुळे ती जागा वाहनतळाला द्यावी असे म्हणणारे थोडेथोडके नव्हते, आणि रात्री अकराला जागा शोधत तीन फेऱ्या मारणाऱ्या माणसाला मी स्वार्थी म्हणणार नाही. काही ज्येष्ठांना तिथे फाटक असलेले, वेळेत बंद होणारे उद्यान हवे होते. पोरांना उघडी, मातीची, कोणी हाकलणार नाही अशी जागा हवी होती. आणि काहींचे म्हणणे होते की जाळी लावून, हिरवा गालिचा पसरून तासाच्या दराने ती भाड्याने द्यावी, म्हणजे देखभालीचा खर्च सुटेल. या चौथ्या मताला माझा सक्त विरोध आहे. ज्या मैदानात शिरायला पैसे मोजावे लागतात ते मैदान सार्वजनिक म्हणवून घेऊ शकत नाही, मग त्यावर फलक कोणाचाही असो. परंतु हे चारही प्रकारचे लोक एका ठिकाणी बसून बोलले असते, तर सकाळी ज्येष्ठ, दुपारनंतर मुले आणि एका कडेला मर्यादित वाहने अशी काहीतरी तोड निघण्यासारखी होती. तसे बसण्याची जागा व्यवस्थेत नाही. प्रत्येकाने स्वतंत्र हरकत लिहायची आणि आतल्या खोलीत स्वतंत्र दोन मिनिटे बोलायचे, यातून मते मोजली जातात, पण ती एकमेकांना भेटत नाहीत.

त्यासाठी नवा कायदा करायला नको. 74व्या घटनादुरुस्तीने तीन लाख व त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी प्रभाग समित्या सांगितल्या आहेत आणि आपल्या राज्यात 2009 मध्ये महापालिका अधिनियमात क्षेत्रसभेची तरतूदही करण्यात आली. नगरसेवकाने आपल्या क्षेत्रातील मतदारांना बोलावून त्यांच्यापुढे बसावे, अशी ती कल्पना आहे. किती वाचकांनी आपल्या प्रभागातील क्षेत्रसभेला हजेरी लावली आहे, हे आपल्या दैनिकाने एकदा विचारून पाहावे. मी अजून एकही पाहिलेली नाही.

या शहरात जमिनीविषयी बोलताना गावठाणांना वगळून चालणार नाही. इथल्या आगरी-कोळी कुटुंबांनी शेते, मिठागरे आणि खाजणे दिली, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी 1984 मध्ये जासई परिसरात झालेल्या आंदोलनात पाच जण हुतात्मे झाले आणि त्या संघर्षातूनच, संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकाला परत देणाऱ्या साडेबारा टक्के योजनेची वाट मोकळी झाली. या योजनेतला एक बारकावा नव्याने राहायला आलेल्या माझ्यासारख्या सेक्टरवासीयांना बहुधा ठाऊक नसतो. प्रकल्पग्रस्ताच्या वाट्याच्या साडेबारा टक्क्यांतून पावणेचार टक्के जमीन सामाजिक सुविधांसाठी कापून घेतली जाते आणि त्याच्या हातात पावणेनऊ टक्के येते. म्हणजे शाळा, मैदान, समाजमंदिर यांसाठीची जमीन या माणसाने आपल्या मोबदल्यातून आधीच मोजून दिलेली आहे. मग एखाद्या गावच्या तरुणाने ‘आमची ती जागा कुठे आहे, दाखवा’ असे विचारले, तर त्याला विकासाचा विरोधक ठरवता येत नाही. मोकळे भूखंड विकण्यावरून सिडको आणि महापालिका यांच्यात जे ताणतणाव झाले, त्यांच्या बातम्या वाचकांनी वाचल्या आहेतच. एका संस्थेला भूखंड ही मालमत्ता वाटते आणि दुसरीला गरज. त्या ओढाताणीत तिसऱ्या पक्षाला, म्हणजे त्या जमिनीवर राहणाऱ्याला, नोटीस वाचण्यापलीकडे भूमिका मिळत नाही.

घणसोलीचे उदाहरण तर ताजे आहे. शासकीय क्रीडासंकुलासाठी 2003 मध्ये घणसोलीत 20 एकर जमीन राखून ठेवण्यात आली. वर्षे गेली, संकुल उभे राहिले नाही, जमिनीचा काही भाग खासगी बांधकामाकडे वळला आणि 2021 मध्ये संकुलच शंभराहून अधिक किलोमीटर दूर, रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात नाणोरे येथे नेण्याचा निर्णय झाला. घणसोलीतल्या मुलाने सरावासाठी माणगावला जावे, हा विचार ज्याला सुचला त्याने सकाळी सहाची लोकल कधी पकडली नसावी. वास्तुविशारदांच्या संघटनेने जनहित याचिका केली, मुंबई उच्च न्यायालयाने 2024 मध्ये तो निर्णय रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. निकालाचा आनंद आहेच. पण एका मैदानासाठी इतका पल्ला गाठावा लागत असेल, तर ज्या शेकडो लहान भूखंडांसाठी कोणी वकील लावणार नाही त्यांचे काय होत असेल, याचा अंदाज करता येतो.

मुदतीत, मोठ्या संख्येने आणि नेमके बोलले तर फरक पडतो, हेही आपण जवळच पाहिले आहे. मुंबईच्या 2034 पर्यंतच्या विकास आराखड्याचे प्रारूप फेब्रुवारी 2015 मध्ये आले, त्यावर पन्नास हजारांहून अधिक हरकती आल्या आणि एप्रिलमध्ये शासनाने ते दुरुस्तीसाठी मागे घ्यायला लावले. सुधारित प्रारूप 2016 मध्ये आले. माझ्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट त्याआधी घडली होती. विद्यमान भूवापराचे नकाशे, म्हणजे आज कोणत्या जागेवर काय आहे एवढेच दाखवणारे नकाशे, तिथे प्रारूप येण्याआधीच लोकांपुढे ठेवले गेले आणि त्यांतल्या कित्येक चुका रहिवाशांनीच दाखवून दिल्या. भविष्याविषयी सामान्य माणसाला मत देता येईल किंवा येणार नाही, पण आपल्या घरासमोर आज विहीर आहे की गॅरेज, हे त्याच्याइतके कोणाला माहीत असते? लोकांना पहिला प्रश्न या टप्प्यावर विचारावा. रेषा त्यानंतर काढाव्यात.

नकाशाच्या भाषेविषयीही लिहिले पाहिजे. पिवळा म्हणजे रहिवासी, निळा वाणिज्य, जांभळा उद्योग, हिरवा मैदाने व उद्याने, हे मला पोटासाठी शिकावे लागले. भाजी घेऊन घरी निघालेल्या गृहिणीने ते का शिकावे? विभाग कार्यालयाच्या भिंतीवर लावलेल्या तक्त्यावर रस्त्यांची रूढ नावे, शाळा, देवळे, रिक्षाथांबे दाखवले, तर तीच बाई दोन मिनिटांत आपली इमारत शोधून काढील आणि तिसऱ्या मिनिटाला चूकही दाखवील. संगणकावर फाईल उपलब्ध आहे, हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. ती फाईल मोबाईलच्या पडद्यावर उघडून पाहावी. रंग दिसतात, अक्षरे दिसत नाहीत.

म्हणून माझी मागणी लहान आहे. ज्या भूखंडाचे आरक्षण किंवा वापर बदलायचा असेल, त्या भूखंडावरच नोटीस निघाल्याच्या दिवशी मोठ्या मराठी अक्षरांत फलक लावावा: आज ही जागा कशासाठी आहे, उद्या कशासाठी होणार, हरकत कुठे आणि कोणत्या तारखेपर्यंत द्यायची. बांधकाम चालू असताना परवानगीचा तपशील दाखवणारा फलक लावतात, मग बदलापूर्वी लावायला अडचण नसावी. फेटाळलेल्या प्रत्येक हरकतीला कारणासह लेखी उत्तर मिळावे, मग ते तीन ओळींचे असले तरी चालेल. आणि सुनावणीतला निदान एक दिवस त्या त्या नोडमध्ये, संध्याकाळी सातनंतर ठेवावा. कामाच्या दिवशी सकाळी अकराला पोहोचू शकणाऱ्यांत माझ्यासारखे निवृत्त लोकच अधिक असतात, आणि शहर केवळ आमच्यासाठी आखायचे नाही.

शेवटची विनंती आपल्यालाच आहे. पाणीपुरवठा बंद राहणार असला की आपण शहराच्या पानावर चौकट छापता आणि लोक आदल्या रात्री पिंपे भरून ठेवतात. तशीच एक चौकट दर सोमवारी नवी मुंबई व ठाण्यासाठी छापता येईल का? कोणत्या जागेविषयी नोटीस निघाली आहे, ती जागा लोकांच्या बोलण्यात कोणत्या नावाने ओळखली जाते आणि हरकतीचे किती दिवस उरले आहेत, एवढेच त्यात असावे. जाहिरात आतल्या पानावर जशी येते तशी येऊ द्या; ही चौकट मात्र बाहेरच्या पानावर असावी. ‘टाकीमागचं मैदान’ असे त्यात छापून आले असते, तर आम्हाला चार दिवसांऐवजी सगळी मुदत मिळाली असती.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त आरेखक,
कोपरखैरणे, नवी मुंबई