मेट म्युझियमच्या ८ मार्चच्या टूरबद्दल तक्रार

नमस्कार,

८ मार्च २०१४ला शनिवारी न्यू जर्सीतल्या एडिसनहून तुमच्या बसने मी, आई आणि बाबा न्यूयॉर्कला मेट म्युझियममधलं चिनी 'इंक आर्ट'चं, म्हणजे शाईतल्या कलेचं, प्रदर्शन बघायला गेलो होतो. जाहिरातीत मराठी गाईड आणि प्रदर्शनात दोन तास असं लिहिलं होतं म्हणूनच बुकिंग केलं, बाबांना इंग्रजी पाट्या वाचायला जड जातं. प्रत्यक्षात आत मिळाली जेमतेम पस्तीस मिनिटं, त्यातही ग्रुप फोटो.

वेळेचं एकवेळ सोडून देईन पण शू बिंग या चिनी कलाकाराच्या कामापाशी जे झालं ते नाही सोडवत. वरून लांबच लांब छापील कागद झुलतायत, खाली ओळीने उघडी पुस्तकं, सगळीकडे बारीक काळी चिनी अक्षरं. गाईड म्हणाले ही बुद्धाची जुनी स्तोत्रं, चला पुढे. अहो त्यातलं एकही अक्षर खरं नाहीये! शू बिंगने १९८७ पासून चार वर्षं खपून सुमारे ४००० अक्षरं मनाने तयार केली, एकेक लाकडात हाताने कोरलं, जुळवून छापलं, आणि ती चिनी माणसालासुद्धा वाचता येत नाहीत, सगळं काम त्यावरच तर उभं आहे.

माझ्या बाबांनी पुण्यात छापखान्यात २८ वर्षं खिळे, म्हणजे छपाईचे अक्षरांचे ठसे, जुळवलेत. ते त्या पुस्तकांपाशी वाकून आईला दाखवत होते, छपाई बघ किती स्वच्छ, ओळ कुठे हललेली नाही, तेवढ्यात गाईडने दंडाला धरून पुढे काढलं. घरी आल्यावर मी वाचून खरं काय ते सांगितलं तर बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "म्हणजे खिळे पण त्यानेच पाडले? मला परत बघायचंय गं ते."

झांग हुआन या दुसऱ्या चिनी कलाकाराचे ते नऊ फोटो, ज्यात चेहऱ्यावर लिहीत लिहीत शेवटी चेहराच काळा होतो, तिथे तर थांबलोच नाही.

आमच्या तिघांचे गाईडसाठी घेतलेले पैसे परत करा आणि त्या बसमधल्या सगळ्यांना मेल करून चूक दुरुस्त करा, लहान मुलं होती बरोबर, ती शाळेत जाऊन हेच स्तोत्रांचं सांगतील. आणि बाबांना परत घेऊन जा, माहिती असलेला माणूस देऊन. प्रदर्शन ६ एप्रिलला संपतंय आणि बाबांची फ्लाइट ११ ची आहे, तेव्हा उत्तर याच आठवड्यात हवंय.